जागच्या जागी

अकोला आणि अमरावती यांच्या मधला रस्ता जागतिक कीर्तीचा आहे, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितलं की तो आधी आपल्या तोंडाकडे बघतो. पण खरंच आहे मंडळी. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरचा एका लेनचा डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला, आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारच्या नावावर होता. त्यापूर्वी कित्येक वर्षं याच रस्त्याने आमच्या मणक्यांची जी वाट लावली त्याची नोंद मात्र कुठल्याच बुकात नाही. असो.

या रस्त्यावरून मी दर शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की माहेरी अमरावतीला जाते आणि रविवारी संध्याकाळी अकोल्याला परत येते. आणि या दोन गावांत मिळून २०२४ पासून मी जी सायकल चालवते आहे, तिने आजवर एक वीतभरही अंतर कापलेलं नाही. जागच्या जागी फिरणारी सायकल. जिमवाले तिला स्पिन बाइक म्हणतात. आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली भाजी खाली ठेवून विचारलं, "काहून वं, पैसे देऊन जागच्या जागी पाय हालवाचे? घरी शिलाई मशीन हाय न! पाय बी हालतीन अन् उशीचे अभ्रे बी होतीन." 

उत्तर नव्हतं माझ्याकडे. अभ्रे खरंच फाटले होते.

पण कारण होतं. डिसेंबर २०२३ मध्ये माझा एचबीएवनसी ८.१ निघाला. ज्यांना माहीत नाही (तुम्ही भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी सांगते, ही तपासणी एका दिवसाची साखर सांगत नाही, मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. आदल्या दिवशी उपाशी राहून तिला फसवता येत नाही. ६.५ च्या पुढे गेलं की मधुमेह. मी तेव्हा ४९ वर्षांची होते. आईला मधुमेह निघाला तेव्हा तीही साधारण याच वयाची होती. आणि २०१८ साली तिच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. चपलेने साधा फोड आला होता, तिला तो कळलाच नाही, कारण पायाला संवेदना उरली नव्हती. त्या दिवसांत तिच्या पायाचं ड्रेसिंग मी केलं आहे. त्यामुळे रिपोर्टवरचा तो आकडा मी वाचला तेव्हा मला आकडा दिसलाच नाही, तो पाय दिसला.

डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू करू, आणि रोज चाला. चालले. महिनाभर पहाटे उठून चालले, आणि उजवा गुडघा सुजला. मग हाडांचे डॉक्टर. ते म्हणाले, झीज सुरू झाली आहे, फार नाही, पण चालण्याचा हट्ट धरू नका, सायकल चालवा. सायकलवर वजन सीटवर येतं, गुडघ्यावर कमी येतं, आणि मांडीचे स्नायू बळकट झाले की तेच गुडघ्याला धरून ठेवतात.

सायकल चालवण्याचं मला काय नवल! अमरावतीत आमच्या पिढीच्या मुली सायकलवरच मोठ्या झाल्या. राजापेठेपासून कॅम्पापर्यंत शाळा-कॉलेज-शिकवणी सगळं सायकलवर, पाच-सहा जणी एका रांगेत, मागून येणाऱ्या ट्रकला जागा न देता. दोन वेण्या, हँडलच्या टोपलीत दप्तर. पण अकोल्यात पन्नाशीच्या बाईने पहाटे साडेपाचला सायकल काढायची म्हणजे आधी कुत्री, मग भरधाव दुधाच्या गाड्या. आणि मार्च संपला की ऊन. अकोल्याचं ऊन ज्याने पाहिलं नाही त्याला ते सांगून समजत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, आणि संध्याकाळी सातलासुद्धा रस्ता तव्यासारखा वाफा टाकत असतो. म्हणून ही घरातली सायकल. घरातली म्हणजे चार भिंतींतली.

या प्रकाराचा जन्मसुद्धा रस्त्याच्या भीतीतूनच झाला आहे, हे मला नंतर कळलं. जॉनी गोल्डबर्ग नावाचा दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेला एक सायकलपटू होता. तो 'रेस अक्रॉस अमेरिका' या शर्यतीची तयारी करत होता, आणि असं सांगतात की रात्रीच्या सरावात मोटारीखाली येता येता वाचला. बायको गरोदर होती. मग त्याने गॅरेजमध्ये एक जड चाकाची जागीच फिरणारी सायकल बनवली आणि तिच्यावर सराव सुरू केला. पुढे लोक शिकायला येऊ लागले आणि १९९० च्या दशकात श्विन या जुन्या सायकल कंपनीने ती कारखान्यात बनवायला घेतली. ती शर्यत म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जवळजवळ ४,८०० किलोमीटर, आणि एकट्याने केली तर १२ दिवसांची मुदत. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली ती एकट्याने पूर्ण केली, नाशिकच्या श्रीनिवास गोकुळनाथांनीही त्याच वर्षी. हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याले गुडघे असतीन."

तर गुडघ्यासकट मी वर्ग शोधायला निघाले.

अकोल्यातला पहिला वर्ग. नाव सांगत नाही, आणि आता तो तिथे आहे की नाही तेही बघितलेलं नाही. संध्याकाळी साडेसहाची वेळ, बेसमेंटमधली खोली, जांभळे-निळे दिवे, आणि छातीत धडधड होईल इतक्या मोठ्याने गाणी. बारा सायकली. सगळ्यात पुढे उंचावर सरांची सायकल, आरसा त्यांच्यासमोर. म्हणजे ते आमच्याकडे पाठ करून आरशात बघत होते, आणि माझा समज असा की ते आरशात स्वतःकडेच बघत होते. वयाने माझ्या विद्यार्थ्याएवढे. मी आत गेले तर त्यांनी हाताने शेवटची सायकल दाखवली. सीट वर-खाली करायची असते, पुढे-मागे करायची असते, हे मला कोणी सांगितलं नाही. आधीच्या उंच मुलाच्या मापाने लावलेल्या सीटवर मी चढून बसले. पायडल खाली गेलं की कंबर एका बाजूला कलायची. दोन गाणी झाली आणि सर ओरडले, "आंटी, कम ऑन! नो पेन, नो गेन!" सगळ्यांनी मागे वळून आंटी कोण ते बघितलं.

मी पेन आधीच घरून घेऊन आले होते हो. ते दाखवायला नव्हते आले.

एक गोष्ट इथे सांगून ठेवते, कारण ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. या सायकलीचं पुढचं चाक जड असतं आणि ते पायडलला पक्कं जोडलेलं असतं. म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या सायकलीसारखं पाय थांबवले की पायडल थांबत नाही. चाकाच्या जोराने ते फिरत राहतं आणि सोबत आपला पाय फिरवत राहतं. थांबायचं असेल तर मधली लाल गोल मूठ खाली दाबायची, तो ब्रेक. हीच मूठ उजवीकडे फिरवली की भार वाढतो. हे ज्याने पहिल्या मिनिटाला सांगितलं नाही, त्याच्या वर्गात दुसऱ्या मिनिटाला बसू नये असं माझं स्पष्ट मत झालं आहे. शिवाय पहिल्याच दिवशी अंगात आल्यासारखी सायकल हाणून मांड्यांचे स्नायू इतके फुटतात की त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात जाऊन माणूस दवाखान्यात भरती होतो, अशा घटनांवर अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१७ साली लिहिलं आहे. लघवी चहाच्या रंगाची झाली तर ताबडतोब डॉक्टर. चांगली तरणीताठी माणसं होती ती. नवीन माणसाला पहिल्या दिवशी अर्ध्यातच उतरवणारा शिक्षक भेटला तर तो आळशी नाही, जाणता आहे.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी जिना उतरता येईना. महिन्याचे पैसे भरलेले होते, ते गेले.

दुसरा वर्ग सकाळी अकराचा, फक्त महिलांचा. मला सुट्टीच्याच दिवशी जमायचा, पण जाऊन बघितला. तो मात्र सुखाचा होता. इतका सुखाचा की सायकलीवर बसून मी मेथीच्या वड्यांची कृती लिहून घेतली. मॅडम खुर्चीत बसून मोबाईल बघत होत्या, गाणं संपलं की "चला, अजून पाच मिनिटं" म्हणत होत्या. मैत्रिणी छान भेटल्या, एकीशी अजून बोलणं आहे. पण घाम आला नाही. आणि मला घाम हवा होता. डॉक्टरांनी समजावलं होतं की काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, त्यासाठी त्याला इन्सुलिनची तितकीशी गरज पडत नाही. पण स्नायूने काम तर करायला पाहिजे! मूठ जराही न फिरवता नुसते पाय भिरभिरवले तर ते काम चाकच करतं, आपण फक्त बसलेलो असतो. 

एका ठिकाणी जास्त, एका ठिकाणी काहीच नाही. मधलं काही मिळेना. मार्चमध्ये मी शोध सोडल्यातच जमा होता.

इथे जरा विषयांतर करते. अमरावतीच्या माणसाला व्यायाम म्हटलं की एकच नाव आठवतं, श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेलं. आमच्याकडे नुसतं 'मंडळ' म्हटलं तरी पुरतं. राजगुरूंनी इथे व्यायामाचे धडे घेतले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचा चमू जर्मनीला गेला आणि त्याने तिथे कबड्डीसह देशी खेळ करून दाखवले. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या वऱ्हाडातल्या पोरांनी हिटलरच्या बर्लिनमध्ये कबड्डी कशी दाखवली असेल, हा विचार मी लहानपणी फार करायची. पुढे मंडळाचं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय झालं, आणि आज वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या शाळेत जा, पीटीचे सर बहुधा मंडळात शिकलेले निघतात.

लहानपणी दोन उन्हाळे मी तिथल्या मैदानावर गेले आहे. लेझीम, थोडी लाठी. तिथले शिकवणारे एक वयस्क सर होते, ते रांगेतून फिरायचे आणि बोलायचे फार कमी. एकीच्या खांद्याला बोट लावायचे, दुसरीच्या टाचेकडे बघून नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"मध्ये सगळं असायचं. टाच कुठे टेकायला हवी होती, ती कुठे टेकली आणि आता काय करायचं. पहिलवान लोक वस्तादाबद्दल बोलतात तेव्हा काय बोलतात ते मला तेव्हापासून थोडं समजतं. वस्ताद स्वतः किती जोर मारतो हे कोणी विचारत नाही. त्याची नजर कुठे असते ते बघतात.

ही नजर मला पुन्हा दिसली ती एप्रिल २०२४ मध्ये, अमरावतीत, एका साध्या जिमच्या वरच्या मजल्यावर. भाचीने ओढून नेलं होतं. खोलीत जांभळे दिवे नव्हते. दोन कूलर, खिडकीला खसाची ताटी, आठ सायकली, त्यातली एक बिघडलेली. मॅडम अठ्ठावीस-तीसच्या, दर्यापूरकडच्या, मंडळाच्या कॉलेजात शिकलेल्या. वर्ग सुरू व्हायला दहा मिनिटं होती. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"काकू, पहिल्यांदा आल्या काय? बीपी, शुगर काही हाय?"

शुगर आहे म्हटलं.

"गोळी कोणती? जेवण किती वाजता झालं? अन् गुडघा कोणता दुखते?"

गुडघा दुखतो हे मी सांगितलंच नव्हतं. मी जिना चढून येताना त्यांनी बघितलं होतं.

मग सायकल लावून दिली. आधी मला सायकलीशेजारी उभं केलं, कमरेचं हाड जिथे येतं तिथपर्यंत सीट वर घेतली. बसवलं. पायडल अगदी खाली नेऊन बघितलं, गुडघा जरासा वाकलेला राहायला हवा, ताठ नाही. मग दोन्ही पायडल एका रेषेत आडवे आणून पुढच्या गुडघ्यावरून बोटाने सरळ खाली रेघ ओढली, ती पायडलच्या मधोमध यायला हवी. येत नव्हती. सीट दोन खाचा मागे. हँडल वर. "हँडल खाली ठेवून वाकाची फॅशन हाय, आपल्याले नाई पायजे." एकूण चार मिनिटं लागली असतील. जानेवारीपासून मी ज्यावर बसत होते आणि ही, एकच सायकल आहे यावर माझा विश्वास बसेना. 

वर्गात त्यांची स्वतःची सायकल होती, पण त्या तिच्यावर पहिली पाच मिनिटंच बसल्या. मग उतरून आमच्यातून फिरत राहिल्या. आकडे सांगायच्या, पण साध्या भाषेत. "उजवा गुडघा किती वेळा वर येते ते पंधरा सेकंद मोजा अन् चारनं गुणा." सपाटीवर मिनिटाला ८० ते ९० फेरे, चढावर भार वाढवून ६० ते ७०. त्याच्या फार खाली गेलं तर गुडघ्यावर ताण, फार वर गेलं तर बुड सीटवर उडायला लागतं आणि काम होत नाही. आणि भार किती? ते त्यांनी कधीच आकड्यात सांगितलं नाही. "शेजारणीशी दोन वाक्यं बोलता आली पायजे. गाणं म्हणता आलं तं भार वाढवा. हो-नाई पण म्हणता नाई आलं तं कमी करा." इतकंच. पुढे वाचनात आलं की थकव्याची अशी स्वतःच स्वतःला मोजण्याची पद्धत गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञाने बसवली होती, ६ ते २० अशी चमत्कारिक मोजपट्टी होती त्याची. मॅडमना बोर्ग माहीत असणारच, कॉलेजात शिकल्या असतील. पण आम्हाला त्यांनी शेजारीण दिली.

एक बाई भराभरा पाय मारत होत्या, नवीनच होत्या. मॅडम त्यांच्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, कोणाची गाडी चुकून राह्यली काय?" सगळ्या हसलो, त्या बाईही हसल्या, आणि त्यांचे पाय हळू झाले. मला पहिल्या वर्गातले सर आठवले. बोलणं दोघांचंही सर्वांसमोरच होतं. फरक कशात होता ते मी बरेच दिवस शोधत होते. बहुधा त्या बाईंच्या अगदी जवळ जाऊन, त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या भल्यासाठी बोलल्या होत्या, एवढाच असावा. 

आता अडचण अशी की हा वर्ग अमरावतीत आणि मी अकोल्यात. आठवड्यातले दोन दिवस, शनिवार संध्याकाळ आणि रविवार सकाळ. विक्रमी रस्ता झाला तरी शंभर किलोमीटर रोज कोण येणार? मी मॅडमना तसं सांगितलं. त्यांनी वहीचं पान फाडून माझ्या सायकलीच्या खाचांचे आकडे लिहून दिले, सीट अमुक, पुढे-मागे अमुक, हँडल अमुक. म्हणाल्या, कंपनी वेगळी असली तं आकडा बदलीन, पण कमरेचं हाड तं तेच राह्यते न. आणि मंगळवार-गुरुवारसाठी वीस-वीस मिनिटांचा पाठ लिहून दिला. ते पान अजून माझ्या पर्समध्ये आहे, घडीवर फाटलं आहे.

ते पान घेऊन मी अकोल्यात तिसऱ्या जिममध्ये गेले. तिथल्या मुलाला सरळ सांगितलं, मला तुमच्या वर्गात कोपऱ्यातली सायकल हवी, भार मी माझ्या मनाने लावीन, तुम्ही उभे राहा म्हणाल तेव्हा मी बसूनच राहीन, आणि मला आंटी म्हणायचं नाही. मुलगा बिचारा आधी गोंधळला. मग म्हणाला, "चालते न मॅडम. गाणी तुमाले चालतीन का पण?" गाणी मला चालत नाहीत. पण विचारलं म्हणून चालवून घेतली. उत्तम शिक्षक नाही तो, पण आडवाही येत नाही. मंगळवार-गुरुवारला तेवढं पुरतं. प्रत्येक शिक्षक वस्ताद असावा अशी अपेक्षा धरली तर आपण घरीच बसू.

ऑगस्ट २०२४ ची गोष्ट. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी एक नवी गोळी वाढवली होती, साखर खाली आणणारी. शनिवारचा वर्ग. अर्धा झाला असेल. मला काही होत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. नेहमीसारखी गाणी, कूलरचा आवाज, पाय फिरत होते. एवढ्यात मॅडमनी माझ्या सायकलीची लाल मूठ दाबली. चाक थांबलं. 

"काकू, मी दोनदा विचारलं, तुमी बोलून नाई राह्यल्या."

मला त्यांचं विचारणं ऐकूच आलं नव्हतं. मग एकदम हात थरथरायला लागले आणि गार घाम. त्यांनी धरून खाली बसवलं, कपाटातल्या डब्यातून ग्लुकोज काढलं, पाण्यात कालवून पाजलं. यंत्र होतं त्यांच्याकडे, माझी साखर ५८ निघाली. ७० च्या खाली गेलं की धोक्याची घंटा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ८४. तोवर वर्ग चालूच होता, सगळ्या हळू पायडल मारत माझ्याकडे बघत होत्या. मॅडम माझ्याशेजारी जमिनीवर बसून तिथूनच हाताने भार कमी-जास्त करायच्या खुणा करत होत्या.

त्या बेसमेंटमध्ये, जांभळ्या उजेडात, आरशाकडे तोंड केलेल्या सरांच्या मागे शेवटच्या सायकलीवर हे झालं असतं तर? पायडल थांबत नाही ती सायकल. त्या रात्री मी आईशेजारी पडून हाच विचार करत होते. आईला सांगितलं नाही. डॉक्टरांना सोमवारी फोन केला. त्यांनी गोळीचं प्रमाण निम्मं केलं आणि वर्गाआधी काही खायला सांगितलं. तेव्हापासून एक केळं. आणि ओढणीच्या टोकाला नाही तरी ट्रॅकच्या खिशात खडीसाखर.

आईचं सांगायचं राहिलं. ती दर शनिवारी मी वर्गाहून आले की विचारते, "किती दूर गेली?" मीही ठोकून देते, बडनेऱ्यापर्यंत, मूर्तिजापूरपर्यंत. एकदा चिखलदऱ्याला गेले म्हटलं, त्या दिवशी चढाचा पाठ होता. मागच्या हिवाळ्यात म्हणाली, मला घेऊन चल, पाह्यचं हाय. जिना चढणं तिला जमत नाही, तर जिममधल्या दोन पोट्ट्यांनी खुर्चीसकट उचलून नेली. पूर्ण वेळ बघत बसली. शेवटी मॅडमना म्हणाली, "बाई, हे तं जात्यावाणी हाय. आमी बी जागच्या जागीच फिरवत होतो, पन पीठ निघे." मॅडम म्हणाल्या, "आजी, इथं बी निघते, दिसत नाई फक्त." आणि खाली वाकून तिने आईच्या डाव्या पायाची चप्पल बघितली. पट्टा घासत होता. कुठे घासतो ते बोटाने मला दाखवलं. आम्ही घरचे तो पाय रोज बघतो. 

दुसऱ्या दिवशी राजकमल चौकात जाऊन मऊ तळाची, मागून बंद असलेली चप्पल घेतली.

आकडा हवा असेल तर, शेवटचा एचबीएवनसी ६.९. सायकलीचं श्रेय किती, गोळीचं किती आणि सासूबाईंनी घरातली साखर कुलपात ठेवली त्याचं किती, हे वेगळं काढता येत नाही. गुडघा थंडीत कुरकुर करतो, पण जिना उतरते. अभ्रे अजून शिवायचे आहेत.

आणि आता बातमी अशी की मॅडमना नोकरी लागली आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेत, क्रीडा शिक्षक म्हणून. पक्की नोकरी. त्यांनी वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली ती. दिवाळीनंतर रुजू व्हायचं आहे. शनिवारी त्यांनी सगळ्यांना पेढे दिले, मला अर्धाच दिला. जिमवाले म्हणतात, नवीन सर येणार आहेत, खूप एनर्जेटिक आहेत. हा शब्द ऐकला की माझा गुडघा आपोआप दुखायला लागतो. तरी पहिल्या दिवशी दहा मिनिटं लवकर जाईन. सीटला हात लावणार नाही, कोणाच्या तरी मापाची असेल तशीच राहू देईन, आणि बाजूला उभी राहून बघेन त्यांचं लक्ष जातं का.